एकतीस अध्यक्ष आणि एक चावी

रिंगणखेड, ता. संग्रामपूर
४ जुलै २०२४

आदरणीय जनकाताई,

सप्रेम जयभीम. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मी ओरडून बोललो की अख्खी शाळेची गल्ली ओट्यावर येऊन बसते. मजकूर गुप्त आहे, म्हणून पत्र लिहितो. वाचून झालं की फाडून टाका.

आमच्या मयुरीला पाचवा महिना लागला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, हा आपल्याकडचा रिवाज. पण आमच्या विहीणबाई कौशल्याबाई यांनी बुलढाण्याहून स्वच्छ निरोप पाठवला आहे की सुनेला घाटाखाली, म्हणजे आपल्या गावी, पाठवणार नाही. मागच्या दिवाळीत मयुरी इकडे आली आणि डेंग्यू घेऊन परत गेली. आठ दिवस दवाखान्यात होती. विहीणबाई रोज तिच्या प्लेटलेट किती झाल्या ते डॉक्टरांच्या मागे फिरून विचारत होत्या. त्या माउलीला मी दोष देत नाही. देतो, पण पत्रात देत नाही.

त्यांची अट अशी. गावात लागोपाठ चार आठवडे एकाही घरात डासाची अळी सापडली नाही, असं गावच्या आशा कार्यकर्तीच्या सहीनं दसऱ्याच्या आत दाखवा आणि लेक न्या. इकडे मयुरीच्या आई पुष्पाबाईंनी बाळंतिणीच्या लाडवांसाठी डिंक आत्ताच आणून डब्यात भरून ठेवला आहे. रोज झाकण उघडून बघतात. मला काही बोलत नाहीत, आणि तेच जास्त लागतं.

म्हणून मी 'डासमुक्त रिंगणखेड संयुक्त कृती समिती' स्थापन करत आहे. गावातल्या यच्चयावत संस्था एका सतरंजीवर बसवायच्या. मयुरीचं कारण कुणालाही सांगायचं नाही. लोक म्हणतील, गुरुजींनी स्वतःच्या पोरीसाठी गाव कामाला लावलं. म्हणून 'सार्वजनिक आरोग्य' असं कारण जाहीर केलं आहे. तुम्ही इथल्या उपकेंद्रात बावीस वर्षं सिस्टर होतात, मयुरीला पहिल्यांदा हातात तुम्हीच घेतलंत, तेव्हा तुमचा सल्ला हवा. अध्यक्षपदासाठी लोक माझंच नाव आग्रहानं सुचवतील असा अंदाज आहे. बॅनर छापायला दिला आहे.

आपला,
वामनराव


बुलढाणा
९ जुलै २०२४

गुरुजी, नमस्कार.

पत्र फाडलं नाही. आमची सून म्हणाली, इतकं सुंदर अक्षर फाडू नका. म्हणजे तिनंही वाचलं.

कौशल्याबाईंकडे जाऊन आले. बाई कडक आहेत, पण मयुरीच्या पलंगाची मच्छरदाणी त्यांनी स्वतःच्या हातानं शिवली आहे. मयुरीला विचारलं, काय खावंसं वाटतं? म्हणाली, "मावशी, आईच्या हातची भाकर न् ठेचा. पन आमच्या ओट्यावर बसून." भाकर मी करून नेली. ओटा कुठून नेऊ?

समिती करा, पण लहान करा, आणि गुलाबरावांना घ्या. माझे दीर म्हणून सांगत नाही. गावच्या पाण्याची चावी त्यांच्याकडे आहे, कोणत्या गल्लीला कधी पाणी सोडायचं ते तेच बघतात. डेंग्यूचा डास गटारात नाही, घरात भरून ठेवलेल्या चांगल्या पाण्यात अंडी घालतो. हे तुम्हीच शाळेत शिकवत होता. आणि खरं कारण सांगून टाका. सार्वजनिक आरोग्य म्हटलं की लोकांना जांभई येते, हे मी बावीस वर्षं पाहिलं आहे.

जनका


रिंगणखेड
२८ जुलै २०२४

आदरणीय जनकाताई,

सप्रेम जयभीम. समिती लहान ठेवण्याची सूचना फार चांगली होती. एकतीस संस्था झाल्या.

नियम साधा ठेवला होता, प्रत्येक संस्थेचा अध्यक्ष हा समितीचा सदस्य. गणेश मंडळ, जयंती समिती, भजनी मंडळ, बचत गट, पतसंस्था, दूध डेअरी. पण नियम जाहीर होताच आठवड्यात गावात सात नव्या संस्था निघाल्या. एका घरातले तीन भाऊ तीन क्रीडा मंडळांचे अध्यक्ष झाले. क्रीडा कोणती, हे तिघांनाही सांगता आलं नाही.

पहिल्या सभेत बॅनरवर कोणाचं नाव वर हा विषय दीड तास चालला. शेवटी मी तोडगा काढला, सगळी नावं गोल लिहायची. मग गोलात सगळ्यात वर कोण यावर पाऊण तास गेला. माझा फोटो मधोमध आहे, त्याला मात्र कुणी हरकत घेतली नाही. निदान मोठ्यानं घेतली नाही.

त्यानंतर ठराव झाला की दर मंगळवारी संपूर्ण गावाचा कोरडा दिवस. प्रत्येकानं आपला हौद, ड्रम, रांजण रिकामा करून घासायचा. लाउडस्पीकर लावला, फेरी काढली. मंगळवारी दुपारी आपली आशाताई जयमाला बॅटरी घेऊन साठ घरं फिरली. त्रेचाळीस घरांत अळ्या. मंगळवारी एकाही माणसानं तांब्याभर पाणी ओतलं नाही. ताई, लोकांना आरोग्याचं काही पडलेलंच नाही.

गुलाबचं म्हणाल, तर तो कोणत्याच संस्थेचा अध्यक्ष नाही. नियमात बसत नाही. शिवाय आमचं बोलणं बंद आहे. चार वर्षांपूर्वी भर ग्रामसभेत तो म्हणाला, शाळेच्या गल्लीत पाणी आधी येतं कारण गुरुजींचे फोन येतात. मी त्याला सर्वांसमक्ष आठवण करून दिली की तो माझ्याच वर्गात सातवीला दोनदा बसला होता. तेव्हापासून तो मला बघितलं की सायकलवरून उतरत नाही.

आपला,
वामनराव


बुलढाणा
२ ऑगस्ट २०२४

गुरुजी,

मंगळवार कोणी ठरवला? माळीपुऱ्यात सोमवारी पाणी येतं. सोमवारी कळशीनं भरलेलं पाणी त्या बाईनं मंगळवारी फेकायचं, आणि पुढचा आठवडा बसायचं तुमच्या बॅनरकडे बघत? मी तिथं राहत असते तर पाणी ओतलं असतं, पण तुमच्या डोक्यावर.

एकतीस माणसांना हे सुचलं नाही. कारण एकतीसांपैकी एकही जण घरात स्वतः पाणी भरत नाही.

मयुरी परवा भेटली. पाय सुजले आहेत, बाकी ठीक. 'बाबांची समिती कुठवर आली' म्हणून विचारत होती. मी म्हटलं, जोरात चालली आहे. तुमच्यामुळे मला या वयात खोटं बोलावं लागलं. गुलाबरावांच्या घरी जा. चहा तिथंच प्या.

जनका


रिंगणखेड
२२ ऑगस्ट २०२४

आदरणीय जनकाताई,

तुमचं पत्र आल्यावर मी लगेच गेलो नाही, हे कबूल करतो. आधी स्वातंत्र्यदिनी प्रभात फेरी काढली. मग समितीत फूट पडून 'डासमुक्त रिंगणखेड समिती (मूळ)' अशी दुसरी समिती निघाली. परवाच्या सभेला चार जण आले, त्यातले दोघे सतरंजी परत न्यायला आले होते.

आणि काल मयुरीचा फोन आला. म्हणाली, "बाबा, मले घरी यायचं हाये." एवढंच. मी चपला घातल्या आणि भीमनगरात गेलो.

गुलाब अंगणात सायकलची चेन चढवत होता. मी म्हटलं, गुलाब, एक काम होतं.

"पान्याचा नंबर लावाचा हाये का?"

"नाही. मयुरीचं आहे."

"मालूम हाये. सासू पाठवून नाही राह्यली. वहिनीनं पत्र धाडलं होतं."

म्हणजे तुम्ही माझं गुपित फोडलंत. त्याबद्दल मी वेगळं पत्र लिहिणार होतो, पण आता लिहीत नाही.

गुलाब म्हणाला, इलाज सोपा आहे. ज्या गल्लीचा ज्या दिवशी नंबर, त्याच दिवशी सकाळी त्या गल्लीचा कोरडा दिवस. सकाळी उरलंसुरलं पाणी झाडांना घाला, भांडी घासा, उन्हात पालथी करा, चार वाजता नवं पाणी घ्या. सात गल्ल्या, सात वार.

"पन मंग नंबर हालला नाही पाह्यजे गुरुजी. बाईनं सकाळी हौद रिकामा केला अन् चार वाजता पानी नाही आलं, तं थे पुन्हा जल्मात रिकामा करन का? आता नंबर काऊन हालते, थे सांगतो. तुमचे एकतीस अध्यक्ष हायेत ना? त्याईचेच फोन येतात मले. कोनाकडे पाहुने, कोनाकडे बारसं. सगळ्यात जास्ती कोनाचे येतात, सांगू का?"

सांगू नको म्हटलं. मग मनाचा हिय्या करून म्हणालो, ग्रामसभेत मी तुला बोललो, ते चुकलं.

"कोनतं? सातवीचं?"

"हो."

"मी एकदाच नापास झालो होतो गुरुजी. तुमी दोनदा म्हटलं. थे लागलं मले."

रात्रीपर्यंत थांबलो नाही, संध्याकाळीच दोन्ही समित्यांना आमच्या ओट्यावर बोलावलं आणि मयुरीचं सगळं सांगितलं. लाज वाटली, पण सांगितलं. मग जयमाला म्हणाली, "मंग पहिलेच सांगाचं ना गुरुजी! आमाले वाटलं तुमी निवडनुकीले उभे राहून राह्यले."

एकच ठराव झाला. गुलाबला पाण्यासाठी कुणीही फोन करायचा नाही. नुसती शपथ घेऊन भागणार नाही असं बायकांचं मत पडलं, म्हणून एकतीस जणांनी आपापल्या मोबाईलमधून गुलाबचा नंबर पुसला. तिघांना पुसता येईना, त्यांचा जयमालानं पुसून दिला. मीही पुसला. मला तो पाठ आहे, हे कुणाला सांगितलं नाही.

आपला,
वामनराव


बुलढाणा
२८ ऑगस्ट २०२४

गुरुजी,

हो, मीच कळवलं. फोनवर ऐकू येत नसलं तरी मला लिहिता येतं. रागावायचं असेल तर मयुरी घरी आल्यावर निवांत रागवा.

जयमालाला सांगा, नुसतं पाणी ओतून चालत नाही. अंडी काठाला चिकटलेली असतात, नारळाच्या काथ्यानं काठ घासायला लावा. पुरुषांनाही लावा. तुम्हालाही.

जनका


रिंगणखेड
घटस्थापना, ३ ऑक्टोबर २०२४

आदरणीय जनकाताई,

मधे पत्र लिहायला सवड झाली नाही, कारण मी दर बुधवारी हौदात असतो. पहिल्या आठवड्यात एकोणीस घरांत अळ्या निघाल्या, दुसऱ्यात चार घरांत. त्यानंतर एकाही घरात नाही. लागोपाठ तीन आठवडे झाले, चौथा बाकी आहे. एकदा सरपंचांच्या घरी सत्यनारायण होता, तरी त्यांनी फोन केला नाही. त्यांच्या सौभाग्यवतींनी तीर्थाचं पाणी शेजारच्या गल्लीतून आणलं, आणि ही बातमी आता तालुक्यात पोचली आहे.

काल बुधवार, आमच्या गल्लीचा नंबर. २ ऑक्टोबरच्या सुट्टीचा दिवस. सकाळी साडेदहाला मी बनियन आणि अर्ध्या चड्डीत हौदाच्या आत उतरून काठ घासत होतो. वरून व्याह्यांना हाक आली, "राम राम इवाई."

वर पाहिलं, तर कौशल्याबाई वाकून बघत होत्या. मागे जावईबापू, हातात मिठाईचा पुडा. कळवणं नाही, फोन नाही. विहीणबाईंना नमस्कार करायचा तर हातात काथ्या.

पुढचं ऐका. घरात चहाला पाणी नाही! हौद, ड्रम, घागरी, सगळं उन्हात पालथं. पिण्याचा माठ झाकलेला होता, त्याला हात लावायची गरज नव्हती, पण मी उत्साहात तोही ओतला होता. पुष्पाबाईंनी माझ्याकडे जे पाहिलं, ते बत्तीस वर्षांच्या संसारात पाहिलं नव्हतं. गल्लीतली सगळी घरं तशीच कोरडी. लेकीची सासू पहिल्यांदा आपणहून दारात आली आणि तिच्यापुढे ठेवायला पेलाभर पाणी नाही.

माझ्या बोटांना गुलाबचा नंबर आठवला. तेवढ्यात तो स्वतःच खांद्यावर लांब चावी घेऊन सायकलवरून आला. थांबला. त्यानं विहीणबाईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं असतं तर त्यानं सोडलं असतं पाणी, मला खात्री आहे. मी उघडलं नाही. तोही काही न बोलता पुढे गेला. ताई, ती दोन मिनिटं फार जड गेली.

चहा शेवटी बाजारगल्लीतून आला. जयमाला किटली घेऊन आली आणि तिच्या मागून वीस-पंचवीस बाया विहीण बघायला आल्या. त्यांनी कौशल्याबाईंना सगळं सांगितलं. एकतीस अध्यक्ष, गोल बॅनर, पूर्वी मी किती फोन करत होतो तेही. कौशल्याबाईंनी चहा संपवला, जयमालाच्या हातातली बॅटरी घेतली आणि स्वतः चौदा घरं पाहिली. कूलरच्या तळात, टायरमध्ये, कोंबड्यांच्या पाण्यात. मग येऊन आमच्या ओट्यावर बसल्या त्या हलेचनात. चार वाजता नळाला पाणी आलं. त्यांनी घड्याळ पाहिलं.

"चार म्हंजे चारच?"

"हो," मी म्हटलं.

"सोमवारी सुनेले घेऊन येतो."

मी म्हटलं, अजून चौथा आठवडा व्हायचा आहे. तर म्हणाल्या, "जे पाहाचं होतं थे पाह्यलं मी. इहीन दारात बिनचहाची बसली, तरी तुमी नंबर हालू नाही देल्ला. मंग माह्या सुनेच्या वक्ताले बी हालनार नाही."

त्या गेल्यावर पुष्पाबाई डिंकाचा डबा घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. आतून रडण्याचा आवाज आला आणि पाठोपाठ तुपाचा वास आला.

आपला,
वामनराव


बुलढाणा
८ ऑक्टोबर २०२४

गुरुजी,

काल मयुरी पोचली असेल. तिला लोणचं जास्त देऊ नका, पाय सुजतात.

एक सांगायचं राहिलं. कौशल्याबाईंनी मला विचारलं होतं, गाव बघायला कोणत्या दिवशी जाऊ? मीच बुधवार सांगितला. इतर दिवशी गेल्या असत्या तर तुम्ही शाल पांघरून भाषण केलं असतं आणि लेक बुलढाण्यालाच राहिली असती.

जनका


रिंगणखेड
२२ जानेवारी २०२५

आदरणीय जनकाताई,

सप्रेम जयभीम. नात दोन महिन्यांची झाली आणि गेल्या आठवड्यात मायलेकी सुखरूप बुलढाण्याला परत गेल्या. बाळाला एकही डास चावला नाही. घर फार रिकामं वाटतं.

समितीचं कार्य सिद्धीस गेलं असं सर्वानुमते वाटतं. थंडीत डासही कमी आहेत. दोन बुधवार मी हौदात उतरलो नाही, कंबर धरते. मागच्या आठवड्यात जावयांकडचे पाहुणे होते, तेव्हा एकदाच, फक्त एकदाच, गुलाबला फोन केला. त्यानं पाणी सोडलं. नंतर कळलं की त्या दिवशी आणखी सहा जणांनी केला होता.

तर २ फेब्रुवारीला रविवारी समितीचा सांगता समारंभ ठेवला आहे. एकतीस अध्यक्षांना स्मृतिचिन्ह, गुलाबला विशेष बाब म्हणून शाल-श्रीफळ. प्रमुख पाहुण्या म्हणून तुम्ही यावं ही विनंती. बॅनरवर तुमचं नाव वर असेल.

आपला,
वामनराव


बुलढाणा
२६ जानेवारी २०२५

गुरुजी,

समारंभाला मी येणार नाही. का ते लिहिते.

गुलाबरावांची लेक संजीवनी शेगावला दिली आहे, तुम्हाला ठाऊक आहे. तिला सातवा लागला. एप्रिलमध्ये बाळंतीण होईल, पहिलटकरीण आहे. पुढच्या आठवड्यात माहेरी येते.

ऑगस्टमध्ये तुम्ही त्यांच्या अंगणात गेलात, त्याच आठवड्यात शेगावहून ही बातमी आली होती. मी पत्रानं कळवलं, गुरुजींना सांगा. तर उलट पत्रात म्हणाले, "नाही वहिनी. गुरुजी आपल्या लेकीचं सांगाले आले होते. आपन आपल्या लेकीचं मधात नाही टाकाचं."

पाच महिने ते रोज चार वाजता तुमच्यासाठी चावी फिरवत होते. घरी लेकीचं कसं काय आहे, हे तुम्ही एकदा तरी विचारलं का? मी इथून विचारत नाही, तुम्ही स्वतःलाच विचारा.

एप्रिलात पाणी दहा-बारा दिवसांवर जाईल, लोक दुप्पट भांडी भरून ठेवतील. संजीवनीच्या सासूनं काही अट घातलेली नाही. त्यामुळे तिच्यासाठी चार आठवडे मोजणारं कोणी नाही. शाल-श्रीफळ तुमच्याकडेच ठेवा.

जनका


रिंगणखेड
२ फेब्रुवारी २०२५

आदरणीय जनकाताई,

समारंभ रद्द केला. स्मृतिचिन्हं दुकानदारानं परत घेतली नाहीत, ती एका खोलीत पडून आहेत.

तुमचं पत्र मी पुष्पाबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी उठून डिंक किती उरला आहे ते पाहिलं.

काल शनिवार, भीमनगरचा नंबर. मी सकाळी सातलाच काथ्या घेऊन गुलाबच्या दारात गेलो. तो अंगणात ड्रम आडवा करून घासत होता. मला बघून म्हणाला, "तुमचा नंबर बुधवारी हाये गुरुजी. अन् मयुरी तं गेली ना?"

मी म्हटलं, "संजीवनी येऊन राह्यली ना."

तो घासायचा थांबला. मग म्हणाला, "मले वाटलं, तुमी इचारसान. तवा नाही तं दसऱ्याले, दसऱ्याले नाही तं बारशाले. मंग मी सोडून देल्लं."

अडतीस वर्षं मी पोरांना प्रश्न विचारत आलो, ताई. हा एक विचारायचा राहिला. "चुकलं गुलाब," म्हणालो, आणि डोळे भरून आले ते लपवलेही नाहीत.

त्यानं ड्रम माझ्या बाजूला कलता केला आणि म्हणाला, "काठ घासा. नीट घासा, पोरगी मंगळवारी येते."

आपला,
वामनराव